उन्हाच्या बाजूने

येल बेटावर, कलिव्होच्या धक्क्यापासून
अल्स्टाच्या बोटीपर्यंत, ओस्ला हॅलक्रो बस चालवते.
डिसेंबरात सकाळची खेप काळोखात,
परतीचीही काळोखातच.
मधे काय उजाडतं ते आम्ही कारखान्यात
सामन माशांची पोटं साफ करताना
दाराशी उभ्या असलेल्याला विचारून घेतो.
आलंय का? आलंय.
अजून आहे? होतं.

पुढच्या काचेखाली तिनं एक वही टांगलीय,
सुतळीला पेन्सिल.
ज्याला उन्हाचा शब्द आठवेल त्यानं लिहायचा,
अर्थासकट. अर्थ नसेल तर भाडं दुप्पट,
असं म्हणते. घेत नाही.

पहिला शब्द शाळेच्या एका पोराचा: डेझी.
नुसतं फूल नव्हे, दिवसाचा डोळा.
सकाळी उघडतो, संध्याकाळी मिटतो.
मग इथे नोव्हेंबरपासून झोपूनच राहतो का?
खाली कुणीतरी लिहिलं: शहाणा आहे.

सॉल्स्टिस. सूर्याचं थबकणं.
हे आर्ची माउटच्या थरथरत्या अक्षरात, आणि पुढे:
थबकतोय कुठला, गुडघे धरलेत त्याचे,
टेकडीच्या कडेकडेनं चालतो, माझ्यासारखा.

सनडॉग. कडाक्याच्या थंडीत सूर्याच्या दोन्ही अंगांना
उगवणारे खोटे सूर्य.
कुत्रे का म्हणायचं, कुणालाच ठाऊक नाही.
सिनी म्हणाली, मेंढ्या आत घ्यायला आले असतील.

नून हा शब्द ग्राझिनानं आणला,
आमच्याच पाळीतली, पोलंडची,
शब्दकोश उशाशी घेऊन झोपते.
मुळात म्हणे नववा तास, उजाडल्यापासून मोजलेला.
म्हणजे दुपारचे तीन.
तोवर मठातल्या साधूंना जेवण नसायचं,
त्यांनी भुकेपोटी तो रेटत रेटत बारावर आणला.
बसमध्ये हशा पिकला.
मग एकेकानं हळूच घड्याळ पाहिलं.
आमच्याकडे तीनला सूर्य बुडतो.

एप्रिसिटी. हिवाळ्यातल्या उन्हाची ऊब.
चारशे वर्षांपूर्वी कुणीतरी कोशात घालून ठेवला,
पुढे फारसा कुणी वापरला नाही म्हणतात.
त्याखाली ग्राझिनाची पेन्सिल:
शनिवारी. धक्क्यावर. सात मिनिटं. वापरला.

ओस्लाचा स्वतःचा शब्द एकच.
सनगेट्स.
अर्थाची जागा कोरी.
भाडं दुप्पट! सगळे ओरडले.
ती काही बोलली नाही, धक्क्यावर बस वळवली,
पूर्वेकडून दक्षिणेला, दक्षिणेकडून पश्चिमेला,
सूर्य जातो तशी.
कौन्सिलनं तिथे पांढरा बाण रंगवलाय, उलट्या दिशेचा.
अकरा वर्षं ती त्या बाणावरून बस नेतेय.
तिचा बाप रास्मी धक्का सोडताना होडी अशीच वळवायचा,
वाऱ्यानं नको म्हटलं तर जास्तीचा वळसा घेऊन.
उलट वळण्यालाही एक शब्द आहे, विडरशिन्स.
तो वहीत कुणी लिहिलेला नाही.

एकोणीस तारखेला बर्फ गोठलं,
मिठाचा ट्रक आडवा पडला,
आणि ओस्लाला बाणाचं ऐकावं लागलं.
काही झालं नाही.
बोट वेळेवर. कुणाची होडी परतायची राहिली नाही.
आर्चीचे गुडघेसुद्धा होते तसेच.
ओस्ला मात्र तीन दिवस कुणाशी बोलली नाही,
सुटे पैसे हातावर ठेवताना वर बघितलं नाही.

चौथा दिवस शनिवार, दुपारची खेप.
आम्ही बसलो, दार बंद झालं,
तिनं धक्क्यावर एक वळसा घेतला, सूर्याच्या बाजूने.
मग आणखी एक.
मग आणखी.
पिशवीतली बटाट्यांची गडगड, सिनीनं धरलेला दांडा,
आणि खिडकीतून येणारी तिरीप
दर वळशाला एकेकाच्या तोंडावरून जाणारी:
आर्ची, ग्राझिना, ते पोर, मी,
पुन्हा आर्ची.
पहिला वळसा फेडीचा होता, हे आम्हाला कळलं.
उरलेले कशाचे, कुणी विचारलं नाही.

अर्थाची जागा अजून कोरीच आहे.
महिनाअखेरीच्या हिशेबात
एक तिकीट जास्तीचं निघालं, दुप्पट भाड्याचं,
चालकाच्या नावावर.